आबांच्या नावावर खपवलेला नकार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. त्या दोघांपैकी एक आता राहिले नाहीत. दुसरी रोज संध्याकाळी मी कॉलेजातून आले की माझ्यापुढे चहा ठेवते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. पण कारणं शोधायला लागले की मी लगेच शिकवायला लागते — ती माझी खोडच आहे — तेव्हा ते राहू दे.

मी जळगावात एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. वीसेक वर्षं होत आली. आमच्या अभ्यासक्रमात बायकांचा प्रश्न असा वेगळा धडा आला तेव्हा विभागात तो शिकवायला कुणी तयार नव्हतं. सगळे पुरुष. ‘मॅडम, हे तुमचंच,’ म्हणत त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’ असे दोन शब्द लिहिले आणि वर्गात जी खसखस पिकली ती थांबेचना. मागची मुलं बाकाखाली गेली, मुली वह्यांत तोंड खुपसून बसल्या. मी डस्टर आपटलं आणि म्हणाले, बाईला गर्भाशय निसर्गाने दिलं, लाटणं समाजाने दिलं. पहिलं ते लिंग, दुसरा तो लिंगभाव. मुलांनी वह्या उघडून ते लिहून घेतलं. ते वाक्य पुढे कॉलेजभर झालं. परीक्षेच्या पेपरांत ते मला दरवर्षी भेटतं, कधी लाटण्याच्या जागी पोळपाट येतो एवढंच.

मी बरं शिकवते, हे तुम्हाला सांगायला हवं. बढाई म्हणून नाही — पुढचं कळायला ते लागेल. मी पुस्तकातून सुरुवात करत नसे. विचारायचे, तुमच्या घरी सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतं? शेवटी कोण जेवतं? आई काय करते असं कुणी दारात येऊन विचारलं तर वडील काय सांगतात? यावलकडून बसने येणारी एक मुलगी एकदा उठून म्हणाली, मॅडम, माझी आई दिवसभर केळीच्या बागेत राबते, तरी विचारलं की स्वतःच म्हणते, मी घरीच असते. मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. घरकाम हे काम आहे, ते दिसत नाही म्हणून मोजलं जात नाही, आणि बाईने काय करायचं हे ठरवायचा हक्क बाईकडे नसतो — हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

आता घराकडे येते. यायचं टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमचं घर पिंप्राळ्यात, कॉलनीतलं साधं बसकं घर. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. सासरे, म्हणजे आबा, रेल्वेत गँगमन होते. पाचोऱ्याला रुळांवर उभा जन्म घालवला आणि निवृत्त होऊन मुलांकडे राहायला आले. आमचं बौद्धांचं घर. शिक्षण हा आबांच्या घरचा देव म्हटलं तरी चालेल. स्वतः प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवून शिकलेले, त्यामुळे सही करताना जीभ ओठांत धरून एकेक अक्षर कोरत. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विहारात पेढे वाटले होते. तेव्हापासून ते मला नावाने कधी हाक मारत नसत. ‘मॅडम’ म्हणत. थट्टेने आणि कौतुकाने, दोन्ही.

दुसरी, म्हणजे शोभा, माझी धाकटी जाऊ. दीर प्रकाश चटईच्या कारखान्यात होता. शोभा धुळ्याजवळच्या खेड्यातली, दहावीला पहिल्या वर्गात पास झालेली. लग्नाआधी गावच्या विहारात लहान पोरांना गोळा करून गाणी शिकवायची, गोष्टी सांगायची. आमच्याकडे आली आणि — कसं सांगू — घर तिच्या हातात गेलं, असं मी इतरांना सांगायची. खरं म्हणजे घर तिच्या डोक्यावर गेलं. नळाला पाणी यायचं त्या वेळी ती उठलेली असायची. माझा डबा, नवऱ्याचा डबा, प्रकाशचा डबा, माझी दोन मुलं, तिचा एक मुलगा, आबांचं पथ्य. मी साडी नेसून बाहेर आले की डबा दारापाशी तयार. आणि दुपारी सगळं आवरलं की आबांना पेपर वाचून दाखवायची. त्यांना मोतीबिंदू होता. अग्रलेखसुद्धा वाचून घ्यायचे ते तिच्याकडून. ती अडखळली की म्हणायचे, परत वाच बेटा, आपल्याला घाई नाही. मला कधीमधी लवकर सुटायला मिळालं तर दारातूनच तिचा तो ठासून वाचायचा आवाज यायचा.

त्याच वर्षांत मी एम.फिल. करत होते. विषय होता नोकरदार बायकांवरचं दुहेरी ओझं. बाहेरचं काम आणि घरचं काम. प्रश्नावली घेऊन मी शिक्षिकांच्या, नर्सेसच्या घरी जात होते. किती वाजता उठता, किती वाजता झोपता, मदतीला कोण असतं? त्या बिचाऱ्या सांगताना रडायच्या. माझ्यावर दुहेरी ओझं नव्हतं. माझं एकेरीच होतं, दुसरं शोभा उचलत होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. मी एवढी भोळी कधीच नव्हते.

धुळ्याच्या एका संस्थेने जळगावात बालवाड्या सुरू करायचं ठरवलं. संस्थेच्या कुलकर्णी बाई माझ्या ओळखीच्या. त्यांच्या धुळ्यातल्या शिबिरात मी ‘घरात निर्णय कोण घेतं’ या विषयावर दीड तास बोलले होते. आमच्या पिंप्राळ्याच्या कडेला जी वस्ती आहे तिथल्या बालवाडीसाठी त्यांना जवळची बाई हवी होती. सहा महिने प्रशिक्षण, मग नेमणूक. मीच घरी बोलता बोलता हे सांगितलं — नुसती बातमी म्हणून. शोभाचा हात पिठात होता तो तसाच राहिला. रात्रीच्या जेवणाला तिने सगळ्यांसमोर विषय काढला. प्रकाश म्हणाला, आबा हो म्हणत असतील तर माझं काही नाही. आबा म्हणाले, विचारायचं काय त्यात? संस्थेचा संमतीचा छापील कागद मी दुसऱ्या दिवशी आणला. आबांनी चष्मा लावून, जीभ ओठांत धरून सही केली आणि कागद माझ्याच हातात दिला. शोभा माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आली. “ताई, मी पहाटे उठी बठ्ठा सयपाक करी जासू. तुम्ही काळजी करू नका.”

माझी काळजी तिला कळली होती. मी एक शब्द बोलले नव्हते, तरी.

तो कागद चार दिवस माझ्या पर्समध्ये होता. चार दिवस मी मनात नुसती मांडणी करत होते. ती दहा ते चार बाहेर. माझा मुलगा बाराला शाळेतून येतो, त्याला कोण बघणार? आबांचं दुपारचं जेवण? प्रबंधाचं लिखाण मी संध्याकाळी करत होते, ते कधी होणार? नवऱ्याला भाजी चिरायला सांगावं, दिराला भांडी घासायला सांगावं, हे मला सुचलं नाही असं नाही. वर्गात मी तेच सांगत होते. पण त्यासाठी घरात भांडायला लागलं असतं, आणि मला भांडायचं नव्हतं. मला माझा डबा दारापाशी हवा होता. त्याला याहून मोठं नाव देण्यासारखं काही नाही.

त्या काळी अशा संस्थांची एक रीत होती. बाईला घेण्याआधी घरभेट करायची. घरी जायचं, खाटेवर टेकायचं, चहा प्यायचा, आणि घरातला कर्ता माणूस मनापासून हो म्हणतोय की तोंडदेखलं, ते ताडायचं. कारण पुष्कळ बायका प्रशिक्षण अर्धवट झाल्यावर घरी बसवल्या जात. कुलकर्णी बाई आमच्या स्टाफरूममध्ये आल्या आणि म्हणाल्या, मॅडम, तुमच्या घरी काय घरभेट करायची, तुम्हीच सांगा म्हणजे झालं. दुपारची वेळ, खोलीत आम्ही दोघीच. मी पर्समधून कागद काढला. सही केलेला कागद. तो टेबलावर ठेवला आणि त्यावर हात तसाच ठेवून म्हणाले — आबांनी सही केलीय खरी, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरीचं मन मोडवत नाही म्हणून केली, तुम्ही बाईंना परस्पर नाही कळवून टाका.

हे मी म्हणाले. तेवढंच. एका दमात.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. का विचारतील? सासरा वरवर हो म्हणतो आणि आतून नाही म्हणतो, हे त्यांच्या शिबिरात दीड तास मीच समजावलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. “तुमच्याही घरात, मॅडम?” आणि मी म्हणाले, “कुणाच्या घरात नाही?” तेही वर्गातलंच वाक्य होतं. बाई मला धीर देऊन गेल्या. कागद मी घरी आणून सकाळी आंघोळीच्या बंबात टाकला. शोभाला सांगितलं, जागा भरल्या. ती बंबापाशीच उभी होती, पाणी तापलं का ते बघत. “नही लागना नंबर ते नही लागना,” ती म्हणाली, आणि माझी बादली भरून दिली.

ही पितृसत्ता माझ्या तोंडून बोलली, असं मला म्हणता येईल. असं एखाद्या विद्यार्थिनीने उत्तरात लिहिलं तर मी मार्क देईन. बायकाच बायकांच्या आड कशा येतात, सत्ता कशी झिरपते, सगळं मला पाठ आहे. पण त्या स्टाफरूममध्ये कुणी पुरुष नव्हता. माझ्या घरातला जो पुरुष होता त्याने होकार दिला होता, आपल्या हाताने लिहून. नाही मी म्हणाले. आणि ते नाही खपावं म्हणून त्याचं नाव लावलं, कारण त्या नावावर ते बिनबोभाट खपतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी ते वाईटच होतं. पण पुढे आणखी झालं.

तीन वर्षांनी आबांच्या नात्यातल्या एका मुलीचं पाचोऱ्याला लग्न होतं. आम्ही सगळे गेलो. ती मुलगी त्याच संस्थेत बालवाडी चालवत होती, त्यामुळे कुलकर्णी बाई आलेल्या. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. वंदना झाली, लग्न लागलं, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. बाई आबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. रागाने नव्हे, हक्काने, जरा थट्टेच्याच सुरात. म्हणाल्या, आबा, बघा तुमची ही नात कशी बालवाडी चालवते. तुमच्या सुनेनेही चालवली असती. पण तुम्ही तोंडावर सही दिलीत आणि मागून मॅडमकडे नकार पाठवलात. आता तरी पटलं का?

शोभा तिथेच होती, आबांच्या पानात वाढत होती.

आबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांना स्वच्छ दिसत नव्हतं, तरी त्यांनी माझा चेहरा शोधला. त्यांना सगळं कळलं. मी तेव्हा काय केलं असं वाटतं? मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पलीकडच्या पंगतीला पाणी वाढायला गेले. मागून त्यांचा आवाज ऐकू आला. “हां बाई. चुकनं मन्हं.”

मला लाज वाटली, हे खरं. पण त्याच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हे जास्त खरं.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर शोभा मला स्वयंपाकघरात एकटी गाठून म्हणाली, “मले वाईट वाटू नही म्हनीसन तुम्ही जागा भरी गयात आसं सांगं ना, ताई?” आणि तिने माझा हात धरला. माझे आभार मानत होती ती. मी तिला हात धरू दिला.

त्या दिवसापासून तिने आबांना पेपर वाचून दाखवला नाही. भांडली नाही, टाकून बोलली नाही. जेवण वेळेवर, पथ्य वेळेवर, औषध वेळेवर. फक्त ताट ठेवायचं आणि वळायचं. आबा दुपारी पेपर मांडीवर घेऊन बसत. भिंग लावून मथळे बघत आणि मग घडी करून ठेवत. मी एकदा म्हणाले, मी वाचू का? ते म्हणाले, नको मॅडम, तुम्ही दमून येता. मॅडमच म्हणाले. शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले. आधीसारखंच, सुरातही फरक नाही. त्यांनी तो दोष का घेतला? माझी चारचौघांतली पत राहावी म्हणून? दोन सुनांत वितुष्ट येऊन घर फुटू नये म्हणून? की मला माझं मी सांगायला वेळ देत होते? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आणि याच वर्षांत मी वर्गात एक उदाहरण द्यायला लागले होते. ‘माझ्या परिचयातलं एक शिकलेलं, पुरोगामी घर’ अशी सुरुवात करून, सासरा सुनेसमोर सही करतो आणि मागून नकार कळवतो, असं. मुलं लिहून घ्यायची. पाचोऱ्याच्या लग्नानंतर ते उदाहरण मी बंद केलं असतं तर निदान तेवढं तुम्हाला सांगता आलं असतं. केलं नाही. ते फार चांगलं समजायचं मुलांना.

आबा गेले त्याच्या आधी आठ-दहा दिवस दवाखान्यात होते. एका दुपारी मी एकटीच त्यांच्यापाशी होते. डबा प्रकाशच्या हाती आला होता. आबांनी विचारलं, “मॅडम, शोभा नही उनी का?” मी म्हणाले, घरी काम आहे, आबा. त्यांनी मान हलवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा मला त्यांची माफी मागता आली असती, नाहीतर रिक्षा करून घरी जाऊन शोभाला सगळं सांगून घेऊन येता आलं असतं. पिंप्राळा तिथून लांब नव्हतं. पाऊण तासाचा प्रश्न होता. मी संध्याकाळपर्यंत तिथे बसले, त्यांच्या उशाशी, आणि पेपर तपासले. दोन दिवसांनी ते गेले. शोभा रडली नाही. लोक म्हणाले, धाकटी सून जरा कोरडी आहे. मी ते ऐकून घेतलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मी बोलले. आबांनी सुनांना कसं शिकू दिलं, नोकरी करू दिली, असं सगळं. मी बोलत असताना शोभा उठून बाहेर गेली. चपला घालून पायरीवर बसली होती, मला दारातून दिसत होती. मी भाषण पूर्ण केलं.

माझी मुलगी वैशाली यंदा कॉलेजात आली. माझ्याच वर्गात बसते. घरातल्या एका बाईची मुलाखत घ्या, तिच्या कामाबद्दल, तिच्या निर्णयांबद्दल — असा गृहपाठ मी दरवर्षी देते, तसा यंदाही दिला. वैशालीने काकूची मुलाखत घेतली. मागच्या रविवारी वही माझ्यापुढे आणून ठेवली, आई, एकदा नजर टाक म्हणून. नीट लिहिलं होतं. मधल्या एका परिच्छेदात होतं: ‘मला लहान मुलांना शिकवायची फार आवड होती. सासऱ्यांनी तोंडावर सही दिली आणि मागून नकार कळवला, म्हणून माझी नोकरी झाली नाही. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.’

शोभा आत पोळ्या लाटत होती. वैशाली आबांची लाडकी, त्यांच्या मांडीवर वाढलेली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “आई, आबा खरंच असे होते? हे लिहू ना मी?”

मी चष्मा काढला. म्हणाले, मुलाखत देणाऱ्याचे शब्द आपण बदलायचे नसतात. काकू जे म्हणाली तेच लिही.

तिने तेच ठेवलं. तिला मी दहापैकी आठ दिले.